शेरा : फोरकास्ट चुकला

गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की कोकणातल्या फळप्रक्रिया कारखान्यांमध्ये आढाव्याच्या बैठका लागतात. पाऊस उताराला लागलेला असतो, पत्र्यावरचा मारा थांबल्यामुळे टेबलाच्या या टोकाचं त्या टोकाला नीट ऐकू जातं, आणि मधोमध एक तक्ता फिरतो. अशाच एका तक्त्यावर नजर अडकली. डावीकडे मालाची नावं: कोकम सरबत ७५० मिली, आगळ, आंबापोळी, फणसपोळी, हापूसच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा डबा. पुढे अंदाजाचा आकडा, गेलेल्या मालाचा आकडा, दोहोंतला फरक. शेवटचा रकाना 'कारण'. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शेरा होता: 'फोरकास्ट चुकला'. एक्सेलमध्ये पहिल्या चौकटीचा कोपरा धरून खाली ओढला की उमटतो तसा. सरबत कमी गेलं, फोरकास्ट चुकला. आंबापोळी जास्त गेली, फोरकास्ट चुकला. केसपेपरवर निदान म्हणून 'पेशंटला बरं नाही' असं लिहावं, त्यातली गत.

सरबताची ओळ तर डोक्यातून जाईना. अंदाज ४,२०० बॉक्सचा, गेले ३,६५०. तक्ता वाचणारा म्हणणार, मागणीचा अंदाज काढणाऱ्या प्लॅनरने जास्त धरलं. झालं होतं उलटं. कोल्हापूरहून रिकाम्या बाटल्या आणि झाकणं आणणारी गाडी आंबा घाटात दरड आल्यामुळे खोळंबली आणि भरणीची लाइन बंद पडली. बाटल्या आल्या तोवर महामार्गावर गणपतीसाठी जड वाहनांना बंदी लागली होती. कणकवली-कुडाळकडच्या डीलरांच्या शेवटच्या आठवड्यातल्या ऑर्डरी 'माल नाही' म्हणून रद्द झाल्या. म्हणजे ३,६५० ही मागणी नव्हतीच, तो होता निघू शकलेला माल. खरी मागणी कदाचित ४,२०० च्याही वर असेल. पण सॉफ्टवेअरला घाट ठाऊक नसतो. त्याच्या लेखी ३,६५० गेले, आणि पुढच्या वर्षीचा अंदाज तो तिथून खाली धरणार. यंदा बाटली नव्हती म्हणून पुढच्या वर्षी सरबतच कमी करायचं, असा तो हिशेब.

बैठकीत यावर कुणी काही बोललं नाही. पुढची ओळ पल्पची होती.

मध्यम आकाराच्या कारखान्यात डिमांड प्लॅनर म्हणजे बहुधा एकच व्यक्ती. तिचं टेबल सेल्सच्या केबिनच्या बाहेर आणि डिस्पॅचच्या दाराजवळ, म्हणजे दोन्हीकडची बोलणी ऐकू येतील असं. पुठ्ठ्याला आलेला आगळाचा आंबूस वास, पावसाळ्यात दमट होऊन कागद ओढून धरणारा प्रिंटर, आणि महिनाअखेरीला न थांबणारा फोन. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हिचं काम म्हणजे सॉफ्टवेअरचं बटण दाबणं आणि आलेला आकडा मेलवर टाकणं. प्रत्यक्षात आकडा काढण्यापेक्षा तो काढण्याजोगा करण्यातच तिचा बराचसा दिवस जातो. ७०० मिलीची बाटली बंद होऊन ७५० मिलीची आली, ईआरपीत, म्हणजे साठा आणि विक्री नोंदणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नवा कोड पडला, आणि जुन्या कोडाची सगळी विक्री मागे राहिली. यंत्राला वाटतं नवा माल जन्माला आला, त्याला पूर्वज नाहीत. मग दोन्ही कोड हाताने जोडायचे, बाटल्यांचे लिटर करायचे, पुन्हा बॉक्स करायचे. महिनाअखेरीला टार्गेटसाठी डीलरच्या गोदामात ढकललेला माल पुढच्या महिन्यात परत येतो, तो वजा करायचा. हे कुठल्याही रिपोर्टात दिसत नाही. मॅनेजरने एखाद्या महिन्याची २८ तारीख ते ३ तारीख त्या टेबलाशेजारी नुसती खुर्ची टाकून बसून काढली, तर त्याला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त कळेल असं मला वाटतं.

या टेबलावर वर्षाच्या सुरुवातीला पहिला प्रश्न असतो: यंदा गणपती कधी? २०२३ साली अधिक श्रावण आला आणि चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली. २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. डीलर सणाचा माल तीन ते पाच आठवडे आधी उचलतो, कारण नंतर रस्ता त्याच्या हातात नसतो. म्हणजे २०२५ मध्ये कारखान्यातून माल निघायचा तो जुलैची अखेर आणि ऑगस्टचा पहिला आठवडा, ऐन धारेत. २०२६ मध्ये तोच माल ऑगस्टच्या मध्याच्या आसपास निघणार. आता जुलैअखेरच्या बैठकीत काय होईल ते पाहा. पडद्यावर आलेख येणार: गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा विक्री बरीच खाली. कुणीतरी दचकणार, दहा बॉक्सवर एक फुकट अशी स्कीम काढणार, डीलर सणाचा माल स्वस्तात आधीच भरून ठेवणार, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर का नाही म्हणून दुसरी बैठक बसणार. मधल्या काळात मागणी जिथल्या तिथेच होती. फक्त पंचांग सरकलं.

याला उपाय अवघड नाही, चिकाटीचा आहे. इंग्रजी महिना बाजूला ठेवायचा. चतुर्थीचा आठवडा शून्य धरायचा, आधीचे सहा आठवडे उणे सहा ते उणे एक, नंतरचे अधिक एक, अधिक दोन, आणि मागची चार-पाच वर्षं या पट्टीवर बसवायची. मग उणे चौथ्या आठवड्याची तुलना उणे चौथ्याशीच होते. असं मांडलं की आणखी एक गोष्ट वर येते, जी महिन्याच्या बेरजेत कायम बुडून राहते. दुकानातल्या विक्रीला दोन उंचवटे असतात. एक चतुर्थीच्या आधी, घरात पाहुणे यायचे म्हणून. दुसरा गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर, चाकरमानी परतताना एसटी स्टँडजवळच्या आणि महामार्गावरच्या दुकानांतून पिशव्या भरून सरबत, आंबापोळी, काजू नेतात तेव्हा. दुसरा उंचवटा छोट्या पाकिटांचा आणि भेटीच्या मालाचा. पण दुसऱ्यासाठी मधेच माल पाठवता येत नाही, कारण जड वाहनांची बंदी तेव्हाच चालू असते. दोन्ही उंचवट्यांचा माल पहिल्याच खेपेत जायला हवा. हे प्लॅनरला ठाऊक असतं. डीलरच्या उधारीची मर्यादा दुप्पट करण्याचा अधिकार मात्र तिच्याकडे नसतो. तो मॅनेजरकडे असतो, आणि ती मर्यादा तीन आठवड्यांसाठी वाढवून दिली तर अंदाज न बदलताही निकाल बदलतो.

सरबताची गंमत म्हणजे त्याचं ऋतुमानही गावागणिक उलटं. मुंबई-पुण्यात ते मार्च ते मे खपतं. कोकणात मे महिन्याची सुट्टी आणि गणपती, जेव्हा माणसं इथे असतात तेव्हा. दोन्हींची बेरीज करून एकच अंदाज काढला तर तो दोन्हीकडे थोडाथोडा चुकतो आणि सरासरीत बरोबर दिसतो.

आता परत त्या रद्द झालेल्या ऑर्डरींकडे. माल संपलेल्या आठवड्याची विक्री शून्य लिहिली जाते, आणि शून्य हा यंत्राच्या दृष्टीने आकडाच. म्हणून ऑर्डर किती आली, त्यातली किती पुरी केली आणि किती नाकारली, या तीन गोष्टी वेगळ्या नोंदायला हव्यात. बहुतेक ठिकाणी बिलिंगवाला नाकारलेली ऑर्डर ईआरपीत चढवतच नाही. फोनवर 'नाय हा' म्हणतो आणि विषय संपतो. एवढी एक सवय लावली तरी पुढच्या वर्षीचा पाया सुधारतो. पण नाकारलेल्या ऑर्डरींची बेरीज म्हणजे मागणी, असंही नाही. माल तुटतोय अशी कुणकुण लागली की डीलर वीसच्या जागी चाळीस मागतो, वीस तरी मिळतील म्हणून, आणि तेच चाळीस शेजारच्या तालुक्यातल्या सबडीलरकडेही मागून ठेवतो. तुटवड्यात फुगलेली ही ऑर्डर डीलरकडून कारखान्याकडे वर चढत जाते तशी आणखी फुगते. पुरवठासाखळीतला हा परिणाम एमआयटीतले प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच दाखवून ठेवला आहे. तेव्हा खरी मागणी शोधायला शेवटी फोनच करावा लागतो: पाच-दहा नेहमीच्या डीलरांना, सोमवारी सकाळी, शिल्लक किती आणि गेल्या आठवड्यात दुकानातून किती गेलं एवढंच विचारायला. आणि तो फोन प्लॅनरने करू नये, असा नियम जिथे सेल्सने घातलाय तिथे तो मोडून काढायला मॅनेजरच लागतो. मालवणकडचा डीलर तिला सेल्सवाल्याला सांगणार नाही ते सांगतो: "गणपतीक माल नाय गावलो तर मगे त्येचो काय उपयोग? माका स्कीम नको, गाडी आधी धाडा."

मागच्या नोंदींत अशी भोकं बरीच. २०२० चा मे महिना टाळेबंदीत गेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडच्या बागा झोपल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, बाजारपेठेतली दुकानं मालासकट गेली. पुढे दुकानं नव्याने भरली गेली, तेव्हा विक्रीचा आकडा उसळलेला दिसतो, पण ते खपणं नव्हतं, रिकाम्या फळ्या भरणं होतं. २०२५ चं तर ताजंच: १५ ऑगस्टला जीएसटी उतरणार असल्याचं जाहीर झालं, गणपती २७ ला, आणि फळांच्या रसाच्या पेयांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर प्रत्यक्ष आला २२ सप्टेंबरला. जुन्या दराचा माल अंगावर नको म्हणून मधल्या काळात व्यापारी हात आखडणारच. त्या सप्टेंबरचा आकडा जसाच्या तसा पुढे नेला तर पुढची कित्येक वर्षं तो त्रास देईल. चांगली प्लॅनर प्रत्येक अशा आठवड्याला एक खूण करते, मूळ आकडा तसाच ठेवते, शेजारी दुरुस्त आकडा लिहिते आणि दुरुस्तीचं कारण एका ओळीत टिपते. मूळ आकडा पुसायचा नाही, हे महत्त्वाचं. ती नोकरी सोडून गेली की हे टिपण तिच्या लॅपटॉपबरोबर जातं आणि नवा माणूस पूर आणि मागणी यांत फरक करू शकत नाही. या टिपणाची एक प्रत दर महिन्याला सामायिक फोल्डरमध्ये पडते की नाही, एवढं तरी कुणी विचारावं.

'माल कधीच संपता कामा नये' हे वाक्य बैठकीत फार सहज उच्चारलं जातं. त्याची किंमत कागदावर मांडायला पाच मिनिटं लागतात. समजा सरबताच्या अंदाजातली आठवड्याची चूक, तिचं प्रमाण विचलन (चूक किती पसरते त्याचं माप), ४०० बॉक्स आहे आणि बाटलीपासून तयार मालापर्यंत चार आठवडे लागतात. चारचं वर्गमूळ दोन, म्हणजे या काळातली चूक ८०० बॉक्स. शंभरातल्या ९५ वेळा माल हाताशी हवा असेल तर १.६५ ने गुणायचं: १,३२० बॉक्स राखीव. ९८ वेळा हवा असेल तर २.०५ ने: १,६४०. आणि 'कधीच संपू नये' याचा अर्थ हजारातल्या ९९९ वेळा असा घेतला, तर ३.०९ ने: २,४७२ बॉक्स. शेवटच्या त्या जवळजवळ दोन टक्क्यांसाठी आठशेहून जास्त बॉक्स वर्षभर पडून ठेवायचे. ते ठेवायचे कुठे, हा कोकणात पुस्तकी प्रश्न नाही. जुलैत गोदामाची फरशी पाझरते, पुठ्ठा ओलसर होऊन मऊ पडतो, नेहमीची थप्पी लावली तर सगळ्यात खालचा बॉक्स बसतो आणि बाटली फुटली की मुंग्या आणि चिकटपणा पुढच्या ओळीपर्यंत. शिवाय वरच्या गणितात चार आठवडे हे चारच धरलेत. घाट बंद पडला की चाराचे सहा होतात, आणि तो धोका मागणीच्या चुकीत मोजलेलाच नसतो. त्यासाठी राखीव सरबत ठेवण्यापेक्षा मे अखेरीलाच बाटल्या आणि झाकणं आणून ठेवणं स्वस्त पडतं. रिकाम्या बाटलीला एक्स्पायरी नसते. हा निर्णय खरेदीचा, पैसे फायनान्सचे, आणि शेरा मात्र प्लॅनरच्या नावावर.

पल्पचं प्रकरण याहून जड. सरबत वर्षातून अनेकदा भरता येतं, पल्प एकदाच. एप्रिलचा मध्य ते जूनची सुरुवात, एवढीच खिडकी. बाजारात पाठवण्याजोगा नसलेला पण उत्तम पिकलेला हापूस कॅनिंगला येतो, वाफेने भरलेल्या शेडमध्ये साली आणि कोयी वेगळ्या होतात, आणि जे डबे त्या दिवसांत झाकले गेले तेच पुढच्या हंगामापर्यंत विकायचे. डब्यांची ऑर्डर मात्र त्याच्या कितीतरी आधी द्यायची, मोहोर कसा टिकेल आणि थ्रिप्स किडीने काय केलं ते कळायच्या आत. अशा वेळी 'एक आकडा सांग' म्हणून प्लॅनरला कोपऱ्यात घेणं म्हणजे तिला खोटं बोलायला लावणं. ती प्रामाणिकपणे एवढंच सांगू शकते: बहुधा ४० हजार डबे, पण इकडेतिकडे सहा हजारांची चूक धरा. यातून ऑर्डर किती द्यायची हे अंदाजावर नाही, दोन किमतींवर ठरतं. डबा कमी पडला तर दर डब्यामागे किती नफा बुडतो? उरला तर व्याज, गोदाम आणि पुढच्या वर्षी जुना म्हणून द्यावी लागणारी सूट मिळून किती जातात? समजा कमी पडण्याचे ९० रुपये, उरण्याचे ३० रुपये. ९० भागिले १२०, म्हणजे पाऊण. मग मधला आकडा धरायचाच नाही. ज्याच्या खाली मागणी राहण्याची शक्यता ७५ टक्के आहे तो आकडा धरायचा, आणि तो येतो ४४ हजारांच्या आसपास. उरण्याचा खर्च ९० आणि कमी पडण्याचा ३० असता तर हेच उत्तर ३६ हजार आलं असतं. अंदाज तोच, निर्णय दोन. ते ९० आणि ३० प्लॅनरला माहीत असण्याचं कारण नाही. ते मॅनेजरने आणून द्यायचे असतात, आणि बहुतेक ठिकाणी कुणी आणून देत नाही. मग ४० हजारांची ऑर्डर जाते, फेब्रुवारीत पल्प संपतो, आणि तक्त्यात पुन्हा तोच शेरा ओढला जातो.

"सर, कुठला आकडा लिहू? विकला जाईल तो, की विकला जायला हवा तो?"

प्लॅनरचा हा प्रश्न ऐकून सर हसतात, पण प्रश्न थट्टेचा नसतो. वरून २० टक्के वाढीचं टार्गेट आलेलं असतं. प्लॅनरचा अंदाज सांगतो आठ. बैठकीत अर्धा तास ओढाताण होते, शेवटी 'पंधरा धरूया' ठरतं, आणि ते पंधरा तिच्या फाइलमध्ये तिच्याच हाताने टाइप होतात. तीन महिन्यांनी चूक मोजली जाते ती त्या पंधराची. आठचा कुठे पुरावा नसतो. टार्गेट असू नये असं नाही, सेल्सच्या माणसाला ताणायला ते हवंच. पण बाटल्या, डबे आणि कामगार टार्गेटवर मागवले की टार्गेट हुकल्याची किंमत गोदाम भरतं. दोन्ही आकडे दोन वेगळ्या ओळींत राहू द्यावेत, आणि मधल्या फरकाला नाव द्यावं: हे बाराशे बॉक्स कुठून येणार? नवे डीलर कोण, कुठल्या तालुक्यात, कधीपासून? उत्तर मिळालं तर ते अंदाजात जातं. नाही मिळालं तर ते टार्गेटच्या ओळीत राहतं.

त्यासाठी फाइलमध्ये चार रकाने गोठवून ठेवले की पुरे. पहिल्यात अगदी साधा आकडा: गेल्या वर्षी चतुर्थीपासून याच आठवड्याला जे गेलं ते. दुसऱ्यात सॉफ्टवेअरचा. तिसऱ्यात प्लॅनरने बदललेला. चौथ्यात बैठकीने बदललेला, कुणी आणि का बदलला त्या नोंदीसह. सहा महिन्यांनी चारही रकान्यांची चूक मोजायची. कित्येकदा असं निघतं की बैठकीने केलेल्या बदलांनी आकडा बिघडवलाच. अंदाजशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट फाइल्ड्स, पॉल गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार कंपन्यांचे साठ हजारांहून अधिक अंदाज तपासून २००९ मध्ये जे छापलं, त्यातही हेच दिसतं: बारीकसारीक बदल फारसे उपयोगी नसतात, अनेकदा अपायच करतात, मोठे बदल जास्त कामाला येतात, आणि आकडा वर ढकलणारे बदल खाली आणणाऱ्या बदलांपेक्षा जास्त वेळा फसतात. खाली आणताना माणसाकडे सहसा ठोस कारण असतं. वर नेताना बऱ्याचदा नुसती इच्छा असते. हे चार रकाने पहिल्यांदा पडद्यावर लागतात तेव्हा खोलीत अस्वस्थता येते, कारण चौथा रकाना साहेबांचा असतो. म्हणूनच तो मांडायची सुरुवात प्लॅनरने करून चालत नाही.

चूक मोजण्याचंही एक लफडं आहे. फणसपोळीची ४० पाकिटं गेली, अंदाज ६०: चूक ५० टक्के. सरबताचे ४,००० बॉक्स गेले, अंदाज ४,४००: चूक १० टक्के. सरळ सरासरी ३० टक्के, आणि प्लॅनर बिनकामाची ठरते. वजन धरून मोजलं तर ४,०४० नगांवर ४२० ची चूक, म्हणजे साडेदहा टक्क्यांच्या आत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुकीची दिशा. महिन्यामागून महिना अंदाज एकाच बाजूला झुकत असेल तर तिथे काहीतरी शिजतंय. चुकांची चिन्हासकट बेरीज भागिले चिन्ह सोडून काढलेली सरासरी चूक, हे उत्तर उणे-अधिक चारच्या बाहेर गेलं की थांबून पाहायचं. आणि तो झुकाव बहुधा गणिताचा नसतो. माल संपला की ओरडा आणि उरला की कुणी विचारत नाही, अशा ठिकाणी कुठलीही शहाणी व्यक्ती दर आकड्यावर गुपचूप दहा टक्के चढवते. सेल्स वर आपले दहा चढवतो, उत्पादन 'एवढे नकोत' म्हणून पंधरा उतरवतं, आणि शेवटी कुणालाच ठाऊक नसतं की मूळ आकडा काय होता.

मॅनेजरची बाजूही आहे, ती नाकारता येत नाही. बँकेच्या कॅश क्रेडिटची मर्यादा एकच असते, डबेवाल्याला एकच आकडा लागतो, मालकाला 'साधारण चाळीस, पण छत्तीस ते चव्वेचाळीस' असं सांगितलं तर तो म्हणतो, नक्की काय ते बोला. हंगामात त्याच्या टेबलावर आंब्याचा दर, कामगारांची तूट आणि वीज गेल्याची तक्रार एकाच वेळी येते. त्यात अंदाजाची चर्चा मागे पडते यात नवल नाही. मला त्याची दयाच येते कधीकधी. पण एक काम असं आहे ज्याला त्याची फक्त दहा मिनिटं लागतात: दर महिन्याच्या २० तारखेच्या आत अर्धं पान. कुठली स्कीम, कुठल्या तारखेपासून, कुठल्या जिल्ह्यांत, किती दिवस. किंमत बदलणार का. पॅक बदलणार का. कोण डीलर सुटतोय, कोण येतोय. हॉटेलची किंवा निर्यातीची एकरकमी ऑर्डर आहे का, असल्यास ती नेहमीच्या विक्रीत मिसळू नये म्हणून वेगळी. प्लॅनरला ही बातमी बरेचदा डिस्पॅचच्या ड्रायव्हरकडून कळते, आणि तोवर चार आठवड्यांची खिडकी बंद झालेली असते. शिवाय ज्या आठवड्यांचा माल लाइनवर चढला त्यांचा आकडा हलवायचा नाही, हलवायचाच असेल तर हलवणाऱ्याची सही, असा नियम घातला की दुपारी तीनचे 'जरा दोनशे वाढव गं' हे फोन आपोआप कमी होतात.

२०२६ चं वर्ष या सगळ्याची परीक्षा घेणारं. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. महिनाभर लग्नं नाहीत, म्हणजे केटररचा पल्प मेच्या पहिल्या पंधरवड्यात गर्दी करणार आणि मग थंडावणार. उलट धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं, म्हणून भेटीच्या खोक्यांना अवेळी उठाव येऊ शकतो. आणि मग चतुर्थी १४ सप्टेंबरला. गेल्या दोन-तीन वर्षांचा कुठलाच साचा याला बसत नाही. बसतो तो २०१८ चा: तेव्हाही अधिक ज्येष्ठ होता, १६ मे ते १३ जून, आणि गणपती १३ सप्टेंबरला होते. तेव्हा डीलर कमी होते, बाटली जुनी होती, त्यामुळे नगांचा उपयोग नाही. पण कुठल्या आठवड्यात वर्षाच्या किती टक्के माल गेला, तो आकार कामाचा आहे. अनेक कारखान्यांत तेव्हाचं सॉफ्टवेअर वेगळं होतं आणि नव्यावर येताना दोन-तीन वर्षांचीच विक्री उतरवून घेतली गेली. बाकीची एखाद्या बंद सर्व्हरच्या बॅकअपमध्ये किंवा बिलांच्या फाइलींत आहे. ती काढायला आयटीवाल्याचा एखादा दिवस, जुन्या व्हेंडरला थोडे पैसे, आणि पूर्ण नाही सापडली तर एप्रिल ते सप्टेंबरची बिलं टाइप करायला एक माणूस पंधरा दिवस लागेल. प्लॅनर हे मागते तेव्हा तिला सांगितलं जातं, आठ वर्षांपूर्वीचं काय करायचंय, गेल्या वर्षीचं घे ना. डब्यांची ऑर्डर द्यायच्या आत त्या मागणीवर सही झाली तरच तिचा उपयोग आहे.